कुत्र्याला मटणाचा रस्सा, चिकनचा मसाला घालावा का? फोडणीतल्या एकेका जिनसेचा हिशोब

बेळगाव / प्रतिनिधी

धुळवड, गटारी, गावची जत्रा, नाहीतर साधा रविवार. मटणाचा वास सुटला की दाराशी शेपूट हलवत बसणारा एक जण प्रत्येक घरात असतोच. आपण जेवतो, त्याच्याकडे बघतो, आणि हात आपोआप ताटाकडून त्याच्याकडे जातो. भाकरी कुस्करून त्यावर रस्सा, वर दोन हाडं. "काय होतंय त्याला? पिढ्यान् पिढ्या हेच खात आलीत कुत्री." हे वाक्य सीमाभागात ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. मी पण हेच म्हणायचो.

आमच्या घरी मोती नावाचा पोमेरियन आहे, वजन सहा किलो. दोन वर्षांपूर्वी धुळवडीला घरी पाहुणे होते, मटण उरलं होतं. आईनं दोन दिवस, दोन्ही वेळ, त्याला वाटीभर घट्ट रस्सा भाकरीत कालवून घातला. त्यानं वाटी चाटून पुसून ठेवली. चौथ्या दिवशी तो उठेना. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, आणि लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांना पहिला संशय गोचीड तापाचा आला, कारण आपल्याकडे तो सर्रास होतो आणि त्यातही लघवीचा रंग असाच होतो. रक्त तपासलं तर गोचीड तापाचं काही निघालं नाही, पण रक्त जवळपास निम्म्यावर आलेलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "चार दिवसांत काय काय घातलंय?" आई सांगू लागली आणि सांगता सांगता थांबली. सलाईन, औषधं, पंधरा दिवसांची देखभाल, एवढ्यावर मोती वाचला. आई मात्र अजून त्या वाटीचं नाव काढलं की गप्प होते.

त्यानंतर या विषयावर जेवढं वाचता आलं, पशुवैद्यांना विचारता आलं, ते इथं मांडतोय. आधीच सांगतो, मांस हा इथला गुन्हेगार नाही. मटण, चिकन, मासे, अंडी कुत्र्याला पचतात आणि मानवतात. भानगड आहे ती आपण मांसाला जे लावतो, त्यात.

कांदा आणि लसूण

सगळ्यात मोठा धोका मिरचीचा नाही, कांदा-लसणाचा आहे. लोकांना नेमकं उलटं वाटतं. कांदा, लसूण, कांद्याची पात या एकाच कुळातल्या वस्तू. त्यांच्यात गंधकाची संयुगं असतात. माणसाचं शरीर ती निभावून नेतं. कुत्र्याच्या तांबड्या पेशींना ते जमत नाही. त्या पेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडतं, त्याच्या गाठी पेशींना चिकटतात आणि शरीर त्या पेशी फोडून टाकतं. पेशी फुटल्या की रक्त कमी होतं, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. काळा चहा तो हाच.

हे सगळं लगेच होत नाही. खाल्ल्यावर एक दिवसापासून पाच-सहा दिवसांपर्यंत कधीही लक्षणं दिसतात. म्हणून कुणाच्या ध्यानातच येत नाही. रविवारी रस्सा खाल्ला आणि गुरुवारी कुत्रा पडला, तर रविवारची वाटी कुणाला आठवणार?

शिजवल्यानं हे विष जात नाही. तळून, वाळवून, भाजूनही जात नाही. उलट कांदा तळला की त्यातलं पाणी उडतं आणि बाकीचं सगळं थोडक्यात जमा होतं. हैदराबादी बिर्याणीवर पसरलेल्या मूठभर तळलेल्या कांद्यात दोन-तीन कच्चे कांदे मावलेले असतात. कांदा-लसूण मसाल्याची पूड तर त्याहून कडक. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात घरोघरी वर्षाचा मसाला करून ठेवतात, त्यात वाळलेला लसूण नि कांदा किती जातो ते करणाऱ्या बायकांना विचारा.

आता किती खाल्लं म्हणजे जास्त? आपण पडलो कॉमर्सवाले, हिशोब मांडल्याशिवाय चैन नाही. पशुवैद्यकीय पुस्तकांत दोन आकडे येतात. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते. आणि दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला तर रक्तात ठळक बदल दिसतात. लसूण कांद्यापेक्षा साधारण तीन ते पाच पट तीव्र धरतात.

एक किलो मटणाला आपण चार मध्यम कांदे, म्हणजे ४०० ग्रॅम, आणि एक मोठा लसणाचा गड्डा, म्हणजे ४० ग्रॅम घातला असं समजू. सगळं मिळून पातेल्यात दोन किलो कालवण तयार होतं. त्यातली १५० ग्रॅमची वाटी काढली तर तिच्यात ३० ग्रॅम कांदा आणि ३ ग्रॅम लसूण. लसणाचे कांद्याच्या हिशोबात १० ते १५ ग्रॅम धरा. म्हणजे एका वाटीत ४० ग्रॅमच्या पुढे. मोती सहा किलोचा, त्याचा अर्धा टक्का होतो ३० ग्रॅम. पहिल्याच वाटीत मर्यादा ओलांडली. चार वाट्यांत १६० ग्रॅमच्या वर, म्हणजे किलोमागे २७ ग्रॅम. आकडे बघितल्यावर तो आजारी का पडला हे विचारायची गरज राहिली नाही.

हाच हिशोब २५ किलोच्या लॅब्राडॉरला लावला तर अर्धा टक्का होतो १२५ ग्रॅम, म्हणजे तीन वाट्या. तेव्हा मोठ्या कुत्र्यानं एखादा तुकडा, दोन घास पळवले म्हणून धावाधाव करायचं कारण नाही. पण रोज थोडं थोडं घालणं हाही धोकाच, कारण पेशी रोज थोड्या थोड्या फुटत राहतात आणि कुत्रा नुसता "आळशी झालाय" असं वाटत राहतं. जपानी अकिता आणि शिबा या जातींना तर जन्मतःच कांदा इतरांपेक्षा लवकर बाधतो.

"आमच्या आजोबांचा कुत्रा बारा वर्षं रस्सा-भाकरीवर जगला" हे म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण तो कुत्रा वीस-पंचवीस किलोचा गावठी, रानात दिवसभर धावणारा, आणि त्याला मिळायचं ते पातेलं विसळलेलं पातळ पाणी भाकरीवर. मटणही वर्षातून चार वेळा. शिवाय जी कुत्री चार वर्षांत गेली, त्यांचं रक्त कुणी तपासलं होतं? आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच किलोचा शिह त्झू आहे आणि घरात आठवड्यातून तीनदा चिकन. दोन्हींची तुलना होत नाही.

"अळणी" नावाला फसू नका

हा मुद्दा खास आपल्या भागातला आहे, म्हणून वेगळा लिहितोय. मटण शिजवताना तांबडा-पांढरा वेगळा करण्याआधी जे पाणी काढतात त्याला अळणी म्हणतात. लहान मुलांना, आजारी माणसाला, बाळंतिणीला ते देतात. तिखट नसतं म्हणून बरेच जण तेच कुत्र्याला घालतात, आणि आपण काळजी घेतोय असं समजतात. पण अळणी म्हणजे नुसतं उकडलेलं मटण नव्हे. मटण कुकरला लावण्याआधी त्याला आलं-लसणाची पेस्ट, हळद, मीठ चोळलेलं असतं, तेलात कांदा परतलेला असतो. सगळा अर्क त्या पाण्यातच उतरतो. तिखट सोडलं तर बाकी सगळं त्यात आहे.

पांढऱ्या रश्श्याचंही तेच. दिसायला दुधासारखा, पण त्यात लसूण आहेच, वर नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. म्हणजे चरबी भरपूर.

तुकडा नळाखाली धुऊन घातला तर? वरचं तिखट, तेल जातं हे खरं. आत मुरलेलं जात नाही.

तेल, तर्री आणि स्वादुपिंड

कांद्याच्या खालोखाल पशुवैद्यांकडे येणारी तक्रार ही. जड, तेलकट जेवणानंतर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. अन्न पचवणारे रस आतल्या आत स्वादुपिंडालाच खायला लागतात. कुत्रा सारखा ओकतो, अन्नाकडे बघत नाही, पोटाला हात लावू देत नाही. काही वेळा पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग वर ठेवतो, नमस्कार घातल्यासारखा. ही पोझ दिसली तर ती गंमत नाही, पोटात कळ आहे. मध्यमवयीन, लठ्ठ, घरातच बसून असणाऱ्या कुत्र्यांना हे जास्त होतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्यांत ही मंडळी असतातच.

तेव्हा वरची तर्री, डुकराच्या मांसाची चरबी, चिकनची साल, खिम्यावर तरंगणारं तेल, यातलं काही नको.

तिखट, मीठ आणि बाकीचे मसाले

संकेश्वरी असो नाहीतर ब्याडगी, मिरची कुत्र्याला विष नाही, पण लागते. पोपट मिरची कचाकचा खातो कारण पक्ष्यांना तिचा जाळ जाणवत नाही. कुत्र्याला आपल्यासारखाच जाणवतो. त्याच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या आपल्यापेक्षा पुष्कळ कमी, पण तिखटाचा जाळ त्या कळ्यांवर अवलंबून नाही. लाळ, ओकारी, जुलाब, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. तो खातो म्हणजे त्याला आवडतं असं नाही, त्याला मांसाचा वास आवडतो आणि तिखट तो सोसतो.

मिठाचं गणित थोडं वेगळं. वर धरलेल्या दोन किलो कालवणात २० ग्रॅम मीठ धरलं तर वाटीत दीड ग्रॅम येतं. मिठाची विषबाधा साधारण किलोमागे दोन-तीन ग्रॅमपासून दिसते, म्हणजे सहा किलोच्या कुत्र्याला १२ ग्रॅम तरी जायला हवं. रश्श्यानं तिथवर पोचत नाही, प्यायला पाणी असलं म्हणजे झालं. पण हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला एवढंही जड जातं. खारा बांगडा, सुकट, लोणच्यासारखं मुरवलेलं मांस यांचा हिशोब अर्थातच वेगळा, ते मिठातच टिकवलेलं असतं.

हळद, जिरे, धने, बडीशेप चिमूटभर गेली तर काही होत नाही. लवंग, मिरी, दालचिनीनं पोट बिघडतं. जायफळ मोठ्या प्रमाणात गेलं तर कुत्र्याला भास, थरथर, झटके येऊ शकतात, पण कालवणातल्या चिमटीनं तेवढं होत नाही. डबा उघडा ठेवू नका म्हणजे झालं.

मनुका मात्र खरंच धोकादायक. बिर्याणीत, शाही कोर्म्यात आपण हौसेनं घालतो. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती दाण्यांनी पडेल याचा नियम नाही. एखादा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा पाच-सहा दाण्यांत पडतो. असं का होतं हे बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही किडनीचा तसाच बिघाड नोंदला गेलाय. आंबटासाठी चिंच कोळून घालणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवायला पाहिजे.

गोव्याच्या वाचकांसाठी

शाकुती, काफ्रेल, सोरपोतेल, विंदालू. चार नावं घेतली आणि तोंडाला पाणी सुटलं, पण यातलं एकही कुत्र्याच्या ताटात जाण्यासारखं नाही. शाकुतीत भाजलेला कांदा, खोबरं, खसखस, जायफळ आणि बहुतेक घरांत चिंच. सोरपोतेलात डुकराची चरबी आणि काळीज. विंदालूच्या तर नावातच लसूण आहे. मूळ पोर्तुगीज नाव वाइन आणि लसणावरून आलंय, बटाट्याशी म्हणजे 'आलू'शी त्याचा काही संबंध नाही. गोव्याची सॉसेज म्हणजे मीठ, लसूण, मिरची, चरबी सगळं एका आतड्यात दाबून भरलेलं. माळ उंच टांगा, एवढंच सांगतो.

हाडं आणि कसायाकडचं कच्चं

शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि फुटताना त्याचे काटे होतात. कोंबडीचं तर हमखास. ते घशात, पोटात, आतड्यात रुततात. मटणाची नळी आपण चोखून त्याला टाकतो, ती गोल कडी खालच्या जबड्यात सुळ्यांमागे अडकते आणि मग दवाखान्यात गुंगी देऊन कापून काढावी लागते. ऐकायला विनोदी वाटतं, कुत्र्याला तसं वाटत नाही.

मग कच्चं द्यावं का? कच्च्यात वेगळीच आफत. बकऱ्याचं काळीज, फुफ्फुस यांत कधी कधी पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. त्या एका पट्टकृमीच्या असतात. कसाई तसला तुकडा दुकानाबाहेर फेकतो, कुत्रा खातो, त्याच्या आतड्यात कृमी वाढतो, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती आपल्या हातावर, भाजीवर येऊन आपल्या पोटात गेली की माणसाच्या काळजात नि फुफ्फुसात तशाच गाठी तयार होतात. त्यावर पुष्कळदा ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून वजडी, काळीज, काहीही असो, नीट उकडल्याशिवाय घालू नका आणि कुत्र्याचं जंताचं औषध चुकवू नका.

मग घालायचं काय?

मटण आणलं की आलं-लसूण चोळण्याआधी चार-पाच बिनहाडाचे तुकडे बाजूला काढायचे. लहान भांड्यात साध्या पाण्यात उकडायचे. मीठ नको, तेल नको. गार झालं की वर थिजलेली चरबी काढून टाकायची आणि तुकडे बारीक करून भातात किंवा भाकरीत कालवायचे. चिकन असेल तर साल काढून. मासा असेल तर काटे काढून. एवढंच. आमच्याकडे आता त्यासाठी एक छोटा कुकर वेगळा ठेवलाय, आई त्याला फोडणीच्या आसपासही फिरकू देत नाही.

काळीज आठवड्यातून एकदा, तेही थोडं, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. रोजच्या आहारातला असा वरचा खाऊ दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं पशुवैद्य सांगतात. आणि नुसतं मांस-भात हा पूर्ण आहार नव्हे, त्यात कॅल्शियम कमी पडतं. वाढत्या पिलाला तर ते आधी जाणवतं, पाय वाकडे होतात. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड पाळायची सध्या हौस आलीय. घोरपड्यांच्या संस्थानानं नावारूपाला आणलेली, सैन्यानंही घेतलेली ही जात. हा अंगानं सडपातळच असतो. बरगड्या दिसतात म्हणून त्याला तर्री पाजून "भरून काढायचा" उद्योग काही जण करतात, तो करू नये.

जत्रा, लग्नाच्या जेवणावळीनंतर पत्रावळ्या रस्त्याकडेला टाकल्या की गल्लीतली कुत्री तुटून पडतात. कांदा, हाडं, वर प्लास्टिक, सगळं पोटात जातं. भटक्या कुत्र्यांना घालायचंच असेल तर साधा भात नि उकडलेले तुकडे वेगळे ठेवा, आणि ठरलेल्या जागी घाला. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही अशी जागा ठरवण्याची तरतूद आहे.

खाल्लंच तर

कुत्र्यानं पातेल्यात तोंड घातलं आणि दोन तासांच्या आत कळलं, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. ओकारी काढायची की नाही हे त्यांना ठरवू द्या. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा घरगुती उपाय आपल्याकडे फार चालतो, तो बंद करा. वर मिठाचा जो हिशोब दिला तो आठवा, दोन मोठे चमचे मीठ गेलं की लहान कुत्र्याला तेच जिवावर बेततं. दूध, तूप, ताक पाजूनही कांद्याचं विष उतरत नाही.

पुढचे पाच-सहा दिवस रोज त्याचा ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढऱ्या किंवा पिवळसर दिसल्या, लघवी लाल-तपकिरी झाली, धाप लागली, जिना चढेना झाला, तर थांबू नका. गावात दवाखाना लांब असेल तर १९६२ हा पशुसेवेचा क्रमांक आहे, तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी असला तरी जवळचा डॉक्टर कोण हे विचारता येतं.

दवाखान्यात गेल्यावर तीन गोष्टी न विचारता सांगा. कुत्र्याचं वजन किती, काय आणि अंदाजे किती वाट्या खाल्लं, आणि कोणत्या दिवशी. "घरचंच साधं खातो" असं म्हणू नका. आम्ही पहिल्या दिवशी तेच म्हणालो होतो, आणि मोतीचा एक अख्खा दिवस गोचीड तापाच्या तपासण्यांत गेला.